भरीव पक्षी

१९ जानेवारी

प्रिय ताई,

सा. न. वि. वि.

बातमी आधीच सांगून टाकतो, नाहीतर तू नेहमीसारखी शेवटच्या ओळीवर उडी मारशील. तुझा भाऊ टीव्हीवर येणार आहे! सोमवार, दोन फेब्रुवारी, सकाळी साडेआठ, 'हात आणि हुन्नर' नावाच्या कार्यक्रमात. सात मिनिटं. आणि सगळं थेट दाखवतात म्हणे, म्हणजे चुकलं तर चुकलंच, पुसायची सोय नाही.

झालं असं, की विद्यापीठात कसलंसं चित्रीकरण करायला मंडळी आली होती, ती वाट चुकून माझ्या तळघरातल्या खोलीत शिरली. मी गॅसच्या ज्योतीसमोर बसून काचेचा गोल बुडाचा चंबू फुगवत होतो. त्यांच्यातली एक बाई दारात उभी राहिली ती अर्धा तास हललीच नाही. मग म्हणाली, "काका, हे तुम्ही तोंडाने फुगवता?" म्हटलं, "मग काय सायकलच्या पंपाने?" तिथून गाडी रुळावर आली. रसायनबाईंनी पण भर घातली, की बाजारात न मिळणारी आमच्या प्रयोगशाळेतली सगळी वाकडीतिकडी काच या माणसाच्या फुंकरीची आहे. रसायनबाई म्हणजे आमच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका, मागे लिहिलं होतं तुला.

मी एकच अट घातली. मी बोलत असताना कॅमेरा हातांवर नको, तोंडावर हवा. बाईने विचारलं, एवढी कसली हौस? मी सांगितलं, माझ्या थोरल्या बहिणीला कानांनी ऐकू येत नाही, ती ओठ बघून ऐकते, आणि तिने मला चार वर्षांत ऐकलेलं नाही. बाईने वहीत लिहून घेतलं.

आणि हो, मिश्या काढल्या. तीस वर्षांच्या! तूच म्हणायचीस ना, तुझ्या त्या झुडपात निम्मे शब्द अडकतात? रसायनबाईंनी दारातून विचारलं, "कोण हवंय आपल्याला?" मी म्हटलं, मीच.

कार्यक्रमात मी तुझ्यासाठी एक वाक्य बोलणार आहे. काय ते आत्ता सांगत नाही. डोळे उघडे ठेवून बस, म्हणजे झालं.

तुझा
फुग्या


२ फेब्रुवारी

चि. फुग्यास अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिले. खरं तर कान पिळायला हवा.

साडेआठचा कार्यक्रम, मी आठपासून टीव्हीसमोर. सूनबाईने खुर्च्या ओळीत मांडल्या. नातीने शाळेत उशिरा जायची परवानगी काढली. शेजारची शिवणवाली हातातलं काम टाकून आली, म्हणजे टाकून नाहीच, घेऊनच आली आणि बाह्या लावत बसली. वरच्या मजल्यावरचे मास्तर चष्मा पुसत आले, ते पहिली खुर्ची पकडून बसले. मी ठेवणीतलं नेसून बसले होते, जसा काही तूच मला बघणार होतास.

आणि आलं कोण? एक गृहस्थ कोबी घेऊन! कोबी कसा निवडावा! हातात घेऊन वजन बघावं, बुंधा दाबावा, पानं कानाशी नेऊन करकरतात का ते ऐकावं. सात मिनिटं, फुग्या! आणि मी ओठ वाचते, त्यामुळे त्यातला एक शब्दसुद्धा माझ्या हातून सुटला नाही. त्याआधी ती सूत्रसंचालन करणारी पोरगी गोड हसून म्हणाली, "काही अपरिहार्य कारणामुळे आजचे पाहुणे येऊ शकले नाहीत." मास्तर मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "कोबीचंही शास्त्र असतं हो." शिवणवालीने बाही उलटी लावली.

ऐनवेळी पायाला पाय लावून पळायची तुझी खोड जुनीच. नऊ वर्षांचा असताना शाळेच्या संमेलनात पाण्याच्या टाकीमागे जाऊन लपलास आणि तुझी कविता मला म्हणावी लागली, तीही मुलाचा सदरा घालून. तेव्हा लहान होतास. आता चोपन्न वर्षांचा घोडा झालास.

किती वाट बघितली रे. चार वर्षांनी तुझं तोंड दिसणार होतं. माझं कंबरेचं हाड मला दिवस-रात्रीचा प्रवास करू देत नाही आणि तुझी नोकरी तुला सोडत नाही. घरात फोन आलाय, पण मला तो भिंतीसारखाच.

बरा आहेस ना? तेवढं आधी एका ओळीत कळव. मग भांडण पुढे चालू.

ताई


२ फेब्रुवारी, संध्याकाळ
(हे पत्र टपालपेटीत पडलं नाही.)

प्रिय ताई,

आज सकाळी चूळ भरली तर पाणी डाव्या कोपऱ्यातून सदऱ्यावर. मला वाटलं, भांडंच गळकं आहे. मग आरशात बघितलं. डावी बाजू घरी नव्हती. हसून पाहिलं तर उजवीकडचा अर्धाच हसला. डावा डोळा मिटेना. शीळ घालायला गेलो, नुसतीच फुस्स हवा.

टीव्हीवाल्यांची गाडी दारात उभी होती. मला सोबत म्हणून रसायनबाई आल्या होत्या, त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं आणि त्याच गाडीतून मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भुवया उचला. डावी उचलेना. डावं कपाळही ढिम्म. त्या म्हणाल्या, छान! मी म्हटलं, यात छान काय? तर म्हणे, मेंदूचं दुखणं असतं तर कपाळ बहुधा हललं असतं. सगळी अर्धी बाजू झोपली आहे म्हणजे चेहऱ्याची नस सुजली आहे. गोळ्या, डोळ्यात थेंब, रात्री डोळ्यावर पट्टी. बहुतेकांचं दोन-तीन महिन्यांत भरून येतं. काहींचं थोडं राहतं.

डॉक्टरीणबाईंचं सगळं पटलं, ताई. पण आरशात मी नव्हतोच. बाबा होते. त्यांचं आजारपण मेंदूतून आलं, माझं नसेतून, हे मला समजतं; आरशाला समजत नाही. सहा वर्षं तू ते तोंड पुसलंस. तुला हे परत कुठल्या तोंडाने

[पत्र इथेच थांबलं आहे.]


८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सा. न.

तुझं पत्र मिळालं. कान पिळलास तो बरोबर पोचला.

अगं, पोट बिघडलं! ऐनवेळी. आदल्या दिवशी कॅन्टीनमध्ये काहीतरी शिळंपाकं खाल्लं असणार. रात्रभर आत-बाहेर, आत-बाहेर. सकाळी गाडी दारात आणि मी संडासात. अशा माणसाला सात मिनिटं एका जागी बसवणं म्हणजे टीव्हीवाल्यांच्याच जिवाशी खेळ. वर थेट प्रक्षेपण! दोन दिवस नुसत्या पेजेवर होतो, तिसऱ्या दिवशी थोडी भूक लागली, चौथ्या दिवशी पोटात गुरगुर होती पण ती साधी होती. आता ठणठणीत आहे.

कोबीवाल्याबद्दल वाईट वाटलं. मास्तरांना नमस्कार सांग. शिवणवालीला सांग, उलट्या बाहीचा दोष माझा.

तुझा
फुग्या


१४ फेब्रुवारी

चि. फुग्यास आशीर्वाद.

पोट बिघडलेला माणूस पोटाबद्दल एवढं लिहीत नाही. ताकाला जाऊन भांडं का लपवतोस?

मी आंधळी नाही, नुसती बहिरी आहे. बहिऱ्या माणसाला दुसरं काम काय, बघत बसायचं. तर काय बघितलं ते ऐक. एक: तुझं पाकीट कायम थुंकीने चिकटवलेलं असतं, आणि तुझी जीभ घाईची असल्यामुळे एक कोपरा उघडा राहतो. यंदा डिंक! चारी कोपरे बंद. दोन: तुझ्या ओळी रुळासारख्या सरळ असतात. यंदा सगळ्या उजवीकडे उतरल्या आहेत. लिहिताना लक्ष एकीकडे आणि एक डोळा दुसरीकडे, असं होतं ते. तीन: जानेवारीच्या पत्रात रसायनबाई पानभर होत्या. या पत्रात एकदाही नाहीत. एकदाही! चोराच्या मनात चांदणं.

मला काय वाटतं ते सांगू? पोट बिघडलेलं नाही, कुणीतरी चित्त बिघडवलंय. त्या दिवशी टीव्हीवर जायचं सोडून दुसरीकडे कुठे गेला असशील, तर मला राग नाही. उलट नातीला मी सांगून ठेवलंय, की मामाआजोबांचं बहुतेक जमतंय. तुझी बायको जाऊन अकरा वर्षं झाली. चांगलं माणूस भेटलं असेल तर लाजायचं कशाला? मिश्या माझ्यासाठी काढल्यास म्हणे. असू दे, असू दे.

फक्त ते माझं वाक्य राहिलं. ते मला पत्रात लिहून नकोय. तोंडाने बोलणार होतास, तोंडानेच बोल. यंदा मे महिन्यात यायचं कबूल केलंयस, तेव्हा ऐकेन.

ताई


५ मार्च

प्रिय ताई,

सा. न.

रसायनबाईंबद्दल जे काही लिहिलं आहेस ते मी त्यांना वाचून दाखवलेलं नाही आणि दाखवणारही नाही. तुझी कल्पनाशक्ती आमच्या भट्टीपेक्षा तापलेली असते.

सोबत तुझा वाढदिवसाचा पक्षी. अठ्ठाविसावा! कापसात गुंडाळला आहे, उघडताना जपून. यंदा जरा वेगळा केला आहे, तोच तोच नमुना करून कंटाळा आला.

मे महिन्याचं मात्र अवघड दिसतं. तळघरात गॅसच्या नळ्या बदलायचं काम निघालंय, मला इथे उभं राहावं लागेल. टीव्हीवाल्यांचं पत्र होतं, सत्तावीस एप्रिलला परत बोलावतायत. मी नाही म्हणणार आहे. हौस फिटली. कोबीवाल्यालाच बोलवा म्हणावं.

वाढदिवसाच्या शुभेच्छा. दीर्घायुषी हो, आणि थोडी कमी चौकशी कर.

फुग्या


१२ मार्च

फुग्या,

तोंडाची कुठली बाजू गेलीय?

पक्षी काल आला. नातीने कापूस काढला, माझ्या हातावर ठेवला, आणि माझा हात खाली गेला. सत्तावीस वर्षं तुझे पक्षी माझ्या हातावर उतरतायत. त्यांना वजन म्हणून नसतं. आत नुसती तुझी फुंकर असते आणि बाहेरून कांद्याच्या पापुद्र्याएवढी काच. खिडकीत दोऱ्याला टांगलेत सगळे. कुणी दार उघडलं तरी हलतात. मला ऐकू येत नाही तरी ते हलले की घरात कुणी आलं हे कळतं.

हा हलत नाही. टांगला तर दोरा ताणून सगळ्यांच्या खाली लोंबतोय. नातीने दिव्यासमोर धरला, आत पोकळी नाही. भरीव आहे. काचेची कांडी वितळवून ओढून, चिमटून केलेला आहे. काम सुरेख आहे, चोच तर फारच सुरेख. पण यात फुंकर मारलेलीच नाही. नमुन्याचा कंटाळा आला म्हणे! हात दाखवून अवलक्षण केलंस, बाळा.

मग मी बसले आणि सगळं मांडलं. फुंकर मारता येत नाही. पाकीट जिभेने चिकटवता येत नाही. एका डोळ्याने लिहितोस. ऐन सकाळी टीव्हीवर तोंड दाखवता आलं नाही. मे महिन्यात मलाही दाखवायचं नाही. आणि मी बावळट, त्याला प्रेमप्रकरण समजून बसले! सूनबाईला सांगायला गेले तर ती म्हणाली, आई, आधी पाणी प्या.

खोटं लिहू नकोस आता. पोटाचं तर नकोच. कुठली बाजू, आणि हातपाय चालतायत ना, एवढं उलट टपाली कळव.

ताई


१७ मार्च

ताई,

डावी.

हातपाय उत्तम. मेंदूचं नाही, चेहऱ्याच्या नसेचं आहे. फेब्रुवारीत तुला लिहायला घेतलेलं पत्र सोबत जोडतो, त्यात सगळं आहे. अर्धवटच आहे, माझ्यासारखं. तेव्हा टाकायचा धीर झाला नाही. आता डोळा निम्मा मिटायला लागलाय. ओठाचा कोपरा अजून हट्टाने खालीच.

रागाव. पण मला कसली भीती वाटली ते ऐक. बाबा आजारी होते तेव्हा मी इथे काचेच्या कारखान्यात काम शिकत होतो, सुट्टीत यायचो. आलो की जेवायला त्यांच्या उजव्या बाजूला बसायचो. मुद्दाम. तिकडून ते पहिल्यासारखे दिसायचे. डाव्या बाजूला तू असायचीस, रुमाल घेऊन. हे मी तुला कधी बोललो नाही. आणि आता ती डावी बाजू माझ्याच अंगाला आली, तर पुन्हा तुलाच रुमाल घ्यायला लावू?

दुसरं म्हणजे कामाचं. फुंकर नळीत जातच नाही, गालातून फुस्स होते. पंक्चर झालेल्या ट्यूबसारखा बसतो मी ज्योतीसमोर. कांड्या जोडतो, तोट्या बसवतो, भरीव कामं करतो. तीस वर्षं जो फुगवतो तो मी, आता काय करू? डॉक्टरीणबाई म्हणतात, थांबा. रसायनबाई म्हणतात, थांबा. सगळे म्हणतात थांबा, काच मात्र थांबत नाही, निवते.

आणि टीव्हीचं विचारू नकोस. तू माझे ओठ वाचणार कशी? अर्धेच हलतात. इथे कान शाबूत असलेल्या लोकांना माझं बोलणं कळत नाही. प, ब, म तर तोंडातच विरतात. चार वर्षांनी तुझ्यासमोर येऊन तुला काहीच कळलं नाही, तर ते मला सोसणार नाही. मिश्या होत्या तेव्हा निदान सबब तरी होती.

तुझा
फुग्या


२३ मार्च

चि. फुग्या,

पत्र वाचून आधी रडले, मग जेवले, मग लिहायला बसले. क्रम मुद्दाम सांगितला, म्हणजे काळजी करणार नाहीस.

वेड्या, मी ओठ वाचायला कुठे शिकले? तुला वाटतं कुठल्या शाळेत? माझे कान गेले तेही त्याच सहा वर्षांत. बाबांना नीट बोलता येईना आणि मला नीट ऐकू येईना. डॉक्टरांना त्यांचं बोलणं कळायचं नाही, शेजाऱ्यांना कळायचं नाही. मी समोर बसून त्यांच्या उजव्या अर्ध्या ओठाकडे बघत राहायचे. बघता बघता कळायला लागलं. पूर्ण तोंडं मी नंतर वाचली रे. आधी अर्धं शिकले. आजही कुणी फार तोंड उघडून बोललं की मला गोंधळायला होतं. तुझी डावी गेली, बाबांचीही डावीच. म्हणजे माझा पाठ झालेला धडा घेऊन आलायस आणि म्हणतोस, ताईला वाचता येणार नाही!

उजव्या बाजूचं म्हणशील, तर बाबांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. एकदा तू हात धुवायला उठलास तेव्हा मला म्हणाले, "पोरगं घाबरतं. बसू दे इकडे." आणि हसले. अर्धे हसले, पण पुरे होतं. त्यांना राग नव्हता, मला कधी नव्हता. त्या सहा वर्षांचं ओझं तू उगाच वाहतोयस. मला ते ओझं नव्हतं. बाबा फक्त माझ्याशीच बोलू शकत होते, आणि खूप बोलले.

आता कामाचं. बाबांना पाणी पाजताना ओघळायचं, तेव्हा मी त्यांचा सुटलेला गाल तळहाताने दाबून धरायचे. मग एक थेंब सांडत नसे. तुझा गाल दाबून बघ. पाणी राहतं तर हवा का नाही राहणार? डॉक्टरीणबाईंना आधी विचार, उगाच शहाणपणा नको.

टीव्हीवाल्यांना हो म्हणून कळव. ही विनंती नाही. चार वर्षांचं ऐकायचं राहिलंय माझं.

ताई

ता. क. भरीव पक्षी काढलेला नाही. असू दे, दोरा जाड लावलाय.


१० एप्रिल

प्रिय ताई,

सा. न., आणि या खेपेस खरोखर वाकून.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हळूहळू करा, दुखलं तर थांबा. तेव्हा बसलो ज्योतीसमोर. पण एक अडचण तुझ्या लक्षात आली नाही: माझे दोन्ही हात नळी फिरवण्यात गुंतलेले असतात. काच फिरवायची थांबली की ती एका अंगाला ओघळते. गाल धरायला तिसरा हात आणायचा कुठून? रुमाल बांधून पाहिला, दाढदुखीवाला दिसलो आणि हवा तरी गेलीच.

रसायनबाई दारात उभ्या राहून हा तमाशा बघत होत्या. म्हणाल्या, "अहो, सरळ सांगा ना," आणि स्टूल ओढून डावीकडे बसल्या, माझा गाल तळहाताने दाबून धरला. मी फुंकलं. ताई, हवा गेली! नळीत गेली! टोकाला फुगा आला. वाकडा, एका अंगाला सुटलेला, बटाट्यासारखा, पण आतून पोकळ! मी रडलो. डावा डोळा आधीच गळतो, त्यामुळे रडणं झाकून गेलं असं मला वाटलं. बाईंनी हात काढला नाही.

त्यानंतर रोज एक तास बसतो. पुढचा फुगा जरा कमी वाकडा आला. ओठाचा कोपराही किंचित हलायला लागलाय, आरशात बघून भुवया उडवण्याचा व्यायाम करतो, नटासारखा.

टीव्हीवाल्यांना हो कळवलं आहे. ती वहीवाली बाई म्हणाली, तोंड सारखं व्हायची वाट बघायची का? मी म्हटलं, नको. जसं आहे तसं. आणि कॅमेरा तोंडावरच हवा.

पाण्याची टाकी कुठे आहे ते बघून ठेवलेलं नाही, एवढंच वचन देतो.

तुझा
फुग्या


२७ एप्रिल

चि. फुग्यास अनेक, अनेक आशीर्वाद.

कार्यक्रम संपून दोन तास झाले. मंडळी आत्ता कुठे घरी गेली. मास्तर जाताना माझ्या पाया पडायला निघाले होते, मी आवरलं; ते माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे आहेत.

काय झालं ते ऐक. तू दिसलास. म्हातारा झालास रे. केस गेले, वरचा ओठ उघडाबोडका, डावा कोपरा बाबांचा. मला वाटलं होतं मी घाबरेन. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

तू बोलायला लागलास आणि इथे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शिवणवाली म्हणाली, "काय म्हणतोय?" मास्तरांनी आवाज मोठा केला, तर नात कानावर हात ठेवून म्हणाली, मोठं झालं तरी कळत नाहीच. तेव्हा मी बोलायला लागले. "म्हणतोय, काच पाण्यासारखी वाटायला लागली की फुंकर घालायची." "म्हणतोय, घाई केली की फुटते." "म्हणतोय, माझ्या तोंडाकडे बघून घाबरू नका, ते सुट्टीवर गेलंय, येईल परत." सगळे हसले, आणि तुझ्यानंतर एका क्षणाने हसले, कारण तुझं बोलणं माझ्याकडून त्यांच्यापर्यंत जायचं होतं! कान असलेल्या चार माणसांना बहिरी बाई ऐकून सांगत होती. सूनबाई माझ्याकडे बघत होती, टीव्हीकडे नाही.

मग तू नळी घेतलीस आणि डावीकडून एक हात आला, त्याने तुझा गाल धरला. कुणाचा हात, ते मी विचारणार नाही. बांगडी नव्हती, दोन बोटांवर पिवळे डाग होते, आम्लाचे असतात तसे. काम झाल्यावरही तो हात बराच वेळ तिथेच होता. नात म्हणाली, "आजी, तुझं बरोबर होतं की!" मी म्हटलं, मोठ्यांच्या गोष्टीत बोलू नये.

चंबू झाला. किंचित डावीकडे झुकलेला, पण झाला. शिवणवालीने टाळ्या वाजवल्या, सुई हातात असताना.

आणि मग त्या पोरीने शेवटचा प्रश्न विचारला, हे तुम्ही कुणाकडून शिकलात? तुझ्या कारखान्यातल्या वस्तादांचं नाव येणार हे मला माहीत होतं. तू कॅमेऱ्याकडे बघितलंस. माझ्याकडे बघितलंस. आणि हळूहळू बोललास, एकेक शब्द सुटा करून: "माझ्या ताईकडून. मी पाच वर्षांचा होतो, अंगणात साबणाचे फुगे करायचो, ते फुटायचे. ती म्हणायची, गाल फुगवू नकोस, हळू सोड, तो तुझं ऐकेल. आजही मी तेवढंच करतो."

त्या पोरीला काही कळलं नाही. ती मान हलवून वा वा म्हणाली. इथे शिवणवालीने विचारलं, "शेवटी काय म्हणाला?" सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "म्हणतोय, काच फार तापलेली असते. पोरांनी हात लावू नये."

तुझी
ताई

ता. क. मिश्या एवढ्यात वाढवू नकोस. गॅसच्या नळ्या दुसरं कुणीतरी बघेल. मे महिन्यात ये, पिवळ्या डागांच्या हातालाही घेऊन ये, आणि आल्या आल्या तेच वाक्य मला परत म्हणून दाखव.